झपाटलेलं घर तपासायचं कसं?

बाजारात ‘घोस्ट हंटिंग किट’ या नावाने जी पेटी मिळते, तिच्यातलं एकही यंत्र भुतासाठी बनवलेलं नसतं. चुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर वायरिंग तपासणाऱ्यांचा, लाल ठिपक्याचा थर्मामीटर एसी दुरुस्त करणाऱ्यांचा आणि रेकॉर्डर मुलाखती घेणाऱ्यांचा. आपापलं काम ही यंत्रं चोख करतात. घोटाळा होतो तो त्यांना त्यांच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न विचारला की. म्हणून गूढ प्रकारांमध्ये ज्याला खरंच रस आहे, त्याने आधी कोणतं यंत्र काय मोजतं ते शिकावं, आणि त्याहीआधी यंत्र पिशवीतून न काढता करायची कामं उरकावीत. तपासणीचा क्रम चुकला तर पुरावा बिघडतो. एका बाबतीत तर जीवही जाऊ शकतो. तिथूनच सुरुवात करू.

सगळ्यात आधी हवा

१९२१ साली विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने एका वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली. १९१२ मध्ये हे लोक एका जुन्या, मोठ्या घरात राहायला गेले. काही दिवसांतच पावलांचे आवाज येऊ लागले, रात्री अनोळखी आकृत्या दिसू लागल्या, मुलं मलूल झाली, सगळ्यांची डोकी दुखू लागली. शेवटी घर गरम ठेवणारी भट्टी तपासली, तेव्हा ती बिघडलेली निघाली. तिच्यातला विषारी वायू चिमणीतून बाहेर जाण्याऐवजी घरातच पसरत होता. भट्टी दुरुस्त झाली आणि ‘भुतं’ गेली.

तो वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो, त्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटतो. आपल्याकडे घर गरम ठेवायच्या भट्ट्या नसतात. पण बंद बाथरूममधला गॅस गीझर, थंडीत दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी आणि खिडकीखाली चालणारा जनरेटर हे तिन्ही असतात.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय दिसलं?’ हा नसावा. घरात असताना डोकं दुखतं, मळमळतं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं का, हे आधी विचारा. एकापेक्षा जास्त जणांना एकाच वेळी होतं का, हेही विचारा. उत्तर हो असेल तर दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि दवाखान्यात पाठवा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि तो ९८ दाखवत राहतो. रक्ताची वेगळी तपासणीच करावी लागते.

लक्षणं नसली तरी अलार्म लावा. त्यात इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर आहे ना, हे पाहून घ्या. हा अलार्म वायू आला की लगेच वाजत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. युरोपीय मानकाप्रमाणे हवेत दहा लाखांत ५० भाग वायू असेल तर अलार्म ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांनी आणि ३०० भाग असतील तर ३ मिनिटांच्या आत. त्यामुळे हातात धरून पाच मिनिटं घरभर फिरवला आणि वाजला नाही, यातून काहीच सिद्ध होत नाही. झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीला, पंखा आणि खिडकीपासून दूर तो पूर्ण दिवस-रात्र ठेवा आणि त्या काळात घरच्यांना गीझर-शेगडी नेहमीसारखी वापरू द्या. ‘टेस्ट’चं बटण बहुधा फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही. सेन्सरचं आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं असतं. डब्यावरची तारीख पाहूनच विकत घ्या.

आधी माणसं, मग खोल्या

हॅरी प्राइस हा विसाव्या शतकातला सगळ्यात गाजलेला भूतशोधक. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या बोर्ली गावचा पाद्र्याचा बंगला त्याने १९३७ मध्ये वर्षभरासाठी भाड्याने घेतला, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ४८ निरीक्षक गोळा केले आणि त्यांना पाळीपाळीने तिथे राहायला पाठवलं. तयारी जय्यत होती. दारं सीलबंद करायला दोरा आणि लाख, मोजपट्टी, थर्मामीटर, पाय वाजू नयेत म्हणून मऊ तळाचे जोडे. पण सोबत एक छापील सूचनापुस्तिकाही दिली आणि तिच्यात तिथे काय काय अनुभवाला येऊ शकतं हेही लिहिलं. इथेच त्या वर्षभराच्या नोंदींची किंमत उतरली. घंटा वाजेल असं वाचून गेलेल्या माणसाने घंटा ऐकल्याची नोंद केली, तर ती घंटेची नोंद की पुस्तिकेची?

पुण्यात याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हा इतिहास. ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून रात्री ऐकू येते, ही वदंता. तिथे कान देऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला काय ऐकायचं ते शाळेपासून पाठ असतं. वाऱ्याचा, कुत्र्याचा किंवा रस्त्यावरच्या रिक्षाचा कोणताही अर्धवट आवाज त्या तीन शब्दांच्या साच्यात बसतो.

साक्ष घेताना म्हणूनच प्रत्येकाला वेगळं बसवा. ‘काय झालं ते पहिल्यापासून सांगा’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. ‘पांढऱ्या साडीतली बाई होती का?’ असं विचारलंत की पुढच्या आठवड्यात साडी पांढरीच होणार. सांगून झालं की कागद देऊन जागेचा आराखडा काढायला लावा. मग तपशील विचारा: वेळ किती, उजेड कुठून येत होता, तुम्ही उभे होता की आडवे, त्या दिवशी झोप किती झाली होती. आणि सगळ्यात मोलाचा प्रश्न शेवटी: या घराबद्दल काही बोललं जातं, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? अनुभवाच्या आधी की नंतर? नंतर कळलं असेल, तर ती साक्ष वजनदार.

‘आडवे होता का’ हे विचारायचं कारण स्पष्ट आहे. पहाटे जाग येते, हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं, खोलीत कुणीतरी असल्याची खात्री पटते. या प्रकाराला निद्रा-पक्षाघात म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातली पळापळ अंथरुणात केली असती. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. त्या मधल्या सेकंदांत, क्वचित मिनिटांत, डोळे खोली पाहतात आणि स्वप्न त्यावर आकृती चढवतं. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले, तर साधारण १०० पैकी ८ लोकांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं असतं. उताणं झोपणं, जागरण आणि झोपेच्या बदलत्या वेळा यांनी ते वाढतं. रात्रपाळी करणाऱ्याच्या छातीवर भूत जास्त वेळा का बसतं, ते यावरून कळावं. हा अनुभव खोटा नसतो आणि सांगणारा वेडाही नसतो. त्याला हे नीट समजावून सांगितलं, तर निम्मं काम तिथेच होतं.

घराचे आवाज

आवाजाच्या तक्रारी सगळ्यात जास्त असतात आणि सुटतातही सगळ्यात जास्त. पत्र्याच्या छपरापासून सुरू करू. पोलाद दर मीटरला, दर अंश सेल्सियसला सुमारे १२ मायक्रोमीटर आकुंचन पावतं. दुपारी तापलेला ६ मीटरचा पत्रा रात्री २५ अंशांनी निवला, तर सुमारे १.८ मिलिमीटरने आखडतो. पण तो हूकबोल्टांनी जखडलेला असतो. त्यामुळे ताण साठत जातो आणि एकदम सुटतो, ‘ठक्’. एका बोल्टापाशी सुटला की पुढच्या बोल्टापाशी. छपरावरून कुणी पावलं टाकत चाललंय असंच वाटतं. तपासायची रीत सोपी आहे: आठ-दहा दिवस आवाजाची वेळ आणि त्या वेळचं बाहेरचं तापमान लिहा. आवाज सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांत गोळा होत असतील आणि ढगाळ दिवशी कमी येत असतील, तर उत्तर पत्र्यातच आहे.

फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर गोट्या घरंगळल्यासारखा आवाज येतो, वर मात्र कुणी राहत नाही, ही तक्रार मुंबई-पुण्यात घरोघरी आहे. पहिला संशय पाण्याच्या पाइपावर घ्या. वेगाने वाहणारं पाणी व्हॉल्व्ह किंवा नळ बंद होताच अडतं, दाबाचा धक्का पाइपातून मागे-पुढे उसळतो आणि पाइप स्लॅबला टेकलेला असला की अख्खा स्लॅब वाजतो. पंप बंद होण्याची वेळ आणि आवाजाची वेळ शेजारी शेजारी लिहून पाहा. दुसरी गोष्ट, काँक्रीटमधून आवाज इतका सहज फिरतो की वरून आल्यासारखं वाटणारं ठोकणं दोन मजले खालीही चाललेलं असू शकतं. भिंतीला कान लावून किंवा डॉक्टरी स्टेथोस्कोप टेकवून कुठे मोठं ऐकू येतं ते शोधा.

जुन्या वाड्यात आणि कोकणातल्या माडी-माळ्याच्या घरांत प्राणी धरा. उदमांजर रात्री माळ्यावर अगदी माणसासारखं धपाधप फिरतं. पडक्या जागी गव्हाणी घुबड राहतं. तोंड पांढरं, पोट पांढरं, उडताना पंखांचा जराही आवाज नाही आणि ओरडणं घोगऱ्या किंकाळीसारखं. हे वर्णन एकदा परत वाचा आणि मग जुन्या वाड्यातल्या पांढऱ्या आकृतीची साक्ष काढा. माळ्यावर, उंबऱ्यावर रांगोळीची पूड पातळ भुरभुरून ठेवली की सकाळी पाऊल कुणाचं ते कळतं. कणीक वापरू नका. उंदीर ती खाऊन जातात आणि ठसेही पुसतात.

आता यंत्रं

चुंबकीय क्षेत्राचा जो मीटर टीव्हीवरच्या कार्यक्रमांत दिसतो, तो बहुधा पाच दिव्यांचा ‘के-टू’. त्याच्या दिव्यांचे टप्पे १.५, २.५, १० आणि २० मिलिगॉसला आहेत (मिलिगॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). तो फक्त बदलतं क्षेत्र पाहतो, म्हणजे घरातल्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनं करणाऱ्या) विजेचं आणि तिच्या वरच्या वारंवारितांचं. पृथ्वीचं स्थिर चुंबकीय क्षेत्र याच्या कित्येक पट मोठं, ४०० मिलिगॉसच्या आसपास आहे, पण ते त्याला दिसत नाही. उलट मोबाइल मात्र चांगलाच दिसतो. खिशातल्या फोनला नेटवर्क शोधताना जोर लावावा लागला की दिवे नाचतात, आणि पडक्या जागी नेटवर्क क्षीणच असतं. प्रश्न विचारल्यावर दिवे लागून ‘हो’ म्हणणारं भूत बहुतेक वेळा कॅमेरामनच्या खिशात असतं.

मोजायची रीत अशी: सगळे फोन एअरप्लेन मोडवर टाका, वॉकीटॉकी बाहेर ठेवा. खोलीचे एक-एक मीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येक ठिकाणी मीटर तीन दिशांना फिरवून सर्वात मोठा आकडा लिहा. या मीटरला एकच अक्ष कळतो. तो नुसता वळवला तरी आकडा बदलतो आणि नवख्याला वाटतं क्षेत्र बदललं. मग मेन स्विच बंद करून पुन्हा तेच करा. इथे एक चूक नेहमी होते: मेन बंद केला तरी इन्व्हर्टर सुरू राहतो आणि घराच्या अर्ध्या तारांत वीज वाहतच असते. इन्व्हर्टरही बंद करा. तरीही एका भिंतीपाशी आकडा चढाच राहिला, तर पलीकडे शेजाऱ्यांचा मीटरबोर्ड आहे का पाहा. आणि मेन सुरू असताना खोलीच्या मध्यभागी, कोणत्याही उपकरणापासून दूर, मोठा आकडा मिळाला, तर न्यूट्रल आणि अर्थिंग कुठेतरी एकत्र झाल्याची शक्यता आहे. भूत नाही मिळालं तरी वायरमनला बोलावण्याचं सबळ कारण मिळालं.

या क्षेत्रांमुळेच मेंदूत भास होतात, असं म्हणणारेही आहेत. मायकेल पर्सिंगर या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने हेल्मेटमधून क्षीण चुंबकीय क्षेत्र देऊन ‘कुणीतरी जवळ आहे’ असा अनुभव आणल्याचा दावा केला होता. स्वीडनमधल्या गटाने २००५ मध्ये तोच प्रयोग अशा पद्धतीने केला की क्षेत्र सुरू आहे की बंद हे ना प्रयोगकर्त्याला ठाऊक, ना बसणाऱ्याला. फरक मिळाला नाही. अनुभव आले, पण त्यांचा मेळ क्षेत्राशी लागला नाही, माणसाच्या सूचनाक्षमतेशी, म्हणजे सुचवलेलं चटकन खरं वाटण्याच्या वृत्तीशी लागला.

कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाची गोष्ट अधिक रंजक आहे. विक टँडी हा इंग्लंडमधला अभियंता. तो काम करायचा त्या प्रयोगशाळेत लोकांना अस्वस्थ वाटे, त्यालाही डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंजात पकडलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं. भुताला पातं हलवायचं काय कारण, म्हणून त्याने हिशेब केला. नवा एक्झॉस्ट पंखा हवेत सुमारे १९ हर्ट्झची लाट उठवत होता आणि खोलीची लांबी तिच्या बरोबर निम्म्या तरंगलांबीची होती. पंख्याची बैठक बदलली, प्रकार थांबला. १९९८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून ‘१९ हर्ट्झ म्हणजे भूत’ हे समीकरण इंटरनेटभर फिरतंय.

ते तसंच्या तसं घेऊ नका. हिशेब स्वतः करून पाहा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरा आणि त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. १९ हर्ट्झ यायला खोली ९ मीटर लांब लागते. १० बाय १२ फुटांच्या बेडरूममध्ये येतात ४७ हर्ट्झ, आणि ते कानाला ऐकू येतात. शिवाय लंडनमध्ये ख्रिस फ्रेंच या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम ‘झपाटलेली खोली’ बांधून ७९ लोकांना प्रत्येकी ५० मिनिटं तिच्यात ठेवलं. कधी चुंबकीय क्षेत्र सुरू, कधी अवश्राव्य (कानाला न ऐकू येणारा खोल) ध्वनी, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. विचित्र अनुभव बऱ्याच जणांना आले, पण यंत्रं सुरू असण्या-नसण्याशी त्यांचा संबंध सापडला नाही. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. टँडीची खोली हे एक खरं, सुटलेलं प्रकरण आहे. सगळ्या खोल्यांची किल्ली ते नाही. आणि फोनवरच्या ॲपने हा ध्वनी मोजायला जाऊ नका. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी असतो, २० हर्ट्झखाली त्याचे आकडे भरवशाचे नसतात.

थर्मामीटरबाबत थोडक्यात. लाल ठिपक्याचा थर्मामीटर हवेचं नव्हे, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो. ठिपका फक्त नेम दाखवतो. त्यावर १२:१ असं प्रमाण लिहिलेलं असेल, तर ३ मीटरवरून तो २५ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी देतो. स्टीलची भांडी, आरसा, काच यांवर रोखला तर त्यांच्यात प्रतिबिंबित झालेल्या वस्तूंचं तापमान मिसळतं. थंड जागा खरीच शोधायची असेल तर नोंदी ठेवणारे दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. तासभर शेजारी ठेवून त्यांच्यातला मूळचा फरक लिहा. मग एक संशयित खोलीत, एक साध्या खोलीत, सारख्या उंचीला, दर मिनिटाला नोंद, चोवीस तास. स्वस्त थर्मामीटरची चूक अर्ध्या अंशापर्यंत असते, त्यामुळे एका अंशाच्या आतल्या फरकावर उड्या मारू नयेत. आणि थंड झुळूक कुठून येते ते उदबत्ती सांगते: दारं-खिडक्या लावून धुराची रेघ कुठे वाकते ते पाहा.

फोटो आणि ध्वनिमुद्रण

फोटोतले पारदर्शक गोळे म्हणजे फ्लॅशने उजळलेली, लेन्सच्या अगदी जवळची धूळ, किडे किंवा पावसाचे तुषार. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश आणि लेन्स दोन-चार सेंटिमीटरवर असतात, म्हणून उजेड थेट परत येतो आणि कण जवळ असल्याने फोकस हुकून गोल पसरतो. चादर झटकून एक फोटो फ्लॅशने, एक फ्लॅशशिवाय काढा, शंका राहणार नाही. सीसीटीव्हीतली रात्रीची पांढरी, तरंगती आकृती बहुधा इन्फ्रारेड दिव्यासमोर लोंबकळणारा कोळी असते. फोनच्या नाइट मोडमध्ये अनेक फ्रेम एकत्र केल्या जातात, त्यात मधूनच चालत गेलेला माणूस आरपार दिसतो. फोटो तपासायला मागताना मूळ फाइलच घ्या, केबलने किंवा डॉक्युमेंट म्हणून. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीत वेळ, शटर, फ्लॅश यांच्या नोंदी गळून जातात आणि चित्रही दाबलं जातं.

रेकॉर्डरमधले मृतांचे आवाज हा शोध १९५९ चा. स्वीडनमध्ये फ्रीडरिख युर्गेन्सन पक्ष्यांची गाणी टिपत होते आणि टेपवर त्यांना माणसांचे आवाज सापडले. पुढे या छंदाला जगभर अनुयायी मिळाले. इथे यंत्र फसवतं ते दोन प्रकारे. शांततेत रेकॉर्डर आपोआप आवाज वाढवतो, त्यात खरखर आणि लांबचं बोलणंही वर येतं. दुसरं, फाइल लहान करताना खरखरीला लय येते आणि आपला मेंदू त्या लयीतून शब्द काढतो, तेही आपल्याच भाषेतले. उपाय एकच. ध्वनिफीत पाच जणांना स्वतंत्र ऐकवा, काय ऐकू येईल ते सांगू नका, खाली वाक्यही लिहू नका, आणि प्रत्येकाला आपलं उत्तर कागदावर लिहायला लावा. पाच कागदांवर पाच वेगळी वाक्यं आली तर पुढे जायचं कारण नाही. मुद्रण करतानाही शिंक, खुर्चीची करकर, पोटाची गुडगुड, जे होईल ते लगेच मोठ्याने बोलून नोंदवा. पंधरा दिवसांनी तेच आवाज ‘अज्ञात’ होतात.

रेडिओची स्टेशनं झपाट्याने फिरवत जाणारा ‘स्पिरिट बॉक्स’ घेऊच नका. तो शब्दांचे तुकडे तयार करण्यासाठीच बनवलेला असतो.

प्लँचेटचंही असंच. १८५३ मध्ये मायकेल फॅरेडेने आपोआप फिरणाऱ्या टेबलांवर हातांखाली सरकणारे पुठ्ठ्यांचे थर ठेवून दाखवलं की टेबलाआधी हात सरकतात, आणि माणसांना ते कळतही नाही. वाटीवर बोटं ठेवणाऱ्यांचे डोळे बांधा, मग त्यांच्या नकळत अक्षरांचा कागद फिरवा. वाटी जिथे अक्षरं आधी होती तिथेच जाते. फसवणूक कुणीच करत नसतं, म्हणून तर एरवी शहाणी माणसंही यात अडकतात.

आंधळी चाचणी आणि तिचं गणित

घराची काहीही माहिती नसलेले पाच जण आणा. प्रत्येकाला एकेकटं सहा खोल्यांमधून फिरवा आणि कुठे अस्वस्थ वाटलं त्या एकाच खोलीवर खूण करायला सांगा. सोबत फिरणाऱ्यालाही संशयित खोली ठाऊक नसावी, नाहीतर त्याची नजर, थबकणं सगळं सांगून जातं. आता पाचांपैकी एकाने नेमकी तीच खोली दाखवली तर? काहीच नाही. निव्वळ अंदाजपंचे खुणा केल्या, तरी किमान एकाचं बरोबर येण्याची शक्यता ६० टक्के आहे. तिघांचं किंवा जास्त जणांचं बरोबर येण्याची शक्यता मात्र साडेतीन टक्केच, तेव्हा कान टवकारावेत.

टवकारावेत म्हणजे ‘भूत आहे’ असं नव्हे. रिचर्ड वाइजमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी लंडनजवळचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिंबराची दगडी तळघरं अशीच तपासली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अनुभव खरोखरच बदनाम जागी जास्त नोंदले गेले, पण त्यांचा मेळ उजेड, जागेचा आकार अशा गोष्टींशी लागत होता. अंधारी, कुंद खोली सगळ्यांनाच नको वाटते. म्हणून सहा खोल्यांत एक तरी तितकीच अंधारी आणि ओलसर, पण बिनबोभाट खोली असलीच पाहिजे. लोक दोन्हींवर सारखे घाबरले तर खोलीच्या इतिहासाचा दोष नाही.

जिथे यंत्रं बाजूला ठेवायची

मराठवाडा-विदर्भात भानामतीची प्रकरणं निघतात: घरावर दगड, कपड्यांना आग, शिजलेल्या अन्नात माती. इथे मीटर, थर्मामीटर निरुपयोगी. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांचा अनुभव असा की करणारा हात बहुतेक वेळा घरातलाच असतो आणि अनेकदा तो ज्याचं कुणी ऐकत नाही अशा माणसाचा असतो, सासुरवाशिणीचा किंवा शाळकरी मुलाचा. प्रत्येक घटनेच्या वेळी कोण कुठे होतं याचा तक्ता आठवडाभर भरला की नाव दिसू लागतं. ते चारचौघांत फोडायचं नाही. एकट्याशी बोलायचं, त्रास समजून घ्यायचा. ‘पकडला’ म्हणून व्हिडिओ टाकणाऱ्याने हा छंद सोडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कुणाला आवाज सतत ऐकू येत असतील, कुणीतरी मागावर आहे असं वाटत असेल, तर ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, धुरी चालू असेल, किंवा कुणावर करणी-भानामतीचा आळ घेतला जात असेल, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. तक्रार थेट पोलिस ठाण्यात करायची.

पडक्या जागी मालकाच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नये. एकट्याने तर नाहीच. दिवसा एकदा पूर्ण फिरून विहिरी, कुजलेल्या माड्या, लोंबकळत्या तारा यांच्या खुणा आराखड्यावर कराव्यात. पायात घोट्यावरचे बूट आणि वटवाघळांची विष्ठा साठलेली असेल तर तोंडाला एन-९५ मास्क, कारण तिच्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो. राजस्थानातल्या भानगडच्या किल्ल्यावर तशी पाटी आहे आणि ती भुताचा सरकारी पुरावा म्हणून फोटोंत फिरते.

अहवाल लिहिताना चार रकाने पुरतात: काय सांगितलं गेलं, काय मोजलं, कारण काय सापडलं, काय उरलं. चौथ्या रकान्यात बहुधा एक-दोन गोष्टी राहतातच, त्या जशाच्या तशा लिहा. ‘कारण सापडलं नाही’ आणि ‘कारण अलौकिक आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दुसरं लिहिण्याइतका पुरावा वरच्यापैकी एकही यंत्र देत नाही. प्रत्येक नोंदीसमोर तारीख, वेळ, यंत्राचं नाव, ते कुणी धरलं होतं आणि त्या वेळी मेन स्विच सुरू होता की बंद हे लिहिलेलं असावं. मूळ ध्वनिफिती आणि फोटो न कापता, न उजळवता दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला ते घर पुन्हा तपासायचं झालं तर तुमचे आकडे त्याला उपयोगी पडतील.